मल्लविनोद ते पोलीस भरती

लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या पंचक्रोशीत मुलगा घडवायचे काम एकट्या घराकडे कधीच नव्हते. घर आणि शेत यांच्या मध्ये तालीम होती. तिचा माग काढत आपण निघालो, तर निलंग्याच्या आग्नेयेला, आज कर्नाटकात असलेल्या बसवकल्याणला पोचतो. कल्याणी चालुक्यांची ही राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने 1130च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत सारे सांगणाऱ्या या ग्रंथात मल्लांचाही स्वतंत्र विचार आहे: वय आणि बळ पाहून लावलेली प्रतवारी, आहार, खांबावरची मेहनत. मात्र तो 'मल्लविनोद' म्हणून येतो राजाच्या करमणुकींच्या प्रकरणांत. मेहनत मल्लाची आणि फुरसत राजाची, अशी ती वाटणी होती.

पुढे दरबार मोडले आणि कुस्ती मारुतीच्या आश्रयाला आली. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मारुतीची देवळे उभारली, तो या वळणाचा ठळक टप्पा. पण गावोगावचा पार आणि त्यामागची तालीम कोणी बांधली, याची नोंद कोण ठेवणार? ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या मातीत पहाटे जोर-बैठका, दिवसा औतामागे किंवा गुरांमागे, सांजेला वस्तादासमोर लढत, असा पोराचा दिवस जाई. यात्रेत लहानग्यांच्या जोड्या रेवड्यांवर सुटत, शेवटची कुस्ती रुपयांवर. घराचा वाटा खुराकाचा. म्हशीचे दूध काढणारी, थंडाईचे बदाम वाटणारी आई वस्तादांच्या आठवणींत क्वचितच येते. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

निजामाच्या राज्यात तालमीला वेगळाच अर्थ आला. 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. हैदराबाद मुक्तिलढ्याचे पुढचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक झाले. उदगीर, निलंगा भागात आर्य समाजाने जम बसवला. आता कसलेले शरीर गावाच्या अब्रूसाठी आणि पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या लढ्यासाठी हवे होते. उदगीरचे वकील भाई श्यामलाल 1938 साली बीदरच्या तुरुंगात मरण पावले, आणि पुढच्या वर्षी आर्य समाजाच्या सत्याग्रहात पोरांच्या तुकड्या निघाल्या.

स्वातंत्र्यानंतर तालमीतून पदके आली. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली लातूरमध्येच महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. मग 'मामा' म्हणून ओळखले जाणारे बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले, आणि मराठवाड्यातली पोरे गाव सोडून तिकडे राहू लागली. त्यांचे शिष्य, लातूरचेच काका पवार, पुढे स्वतः वस्ताद झाले. दोघांच्याही हाताखाली घडलेल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि 2020 मध्ये तो पोलीस उपअधीक्षक झाला.

सरकारी नोकरीचे हे बक्षीस आज कुस्ती न खेळणाऱ्या पोरांनाही खुणावते. हुशार मुलगा 'लातूर पॅटर्न'च्या क्लासला, बाकीचा पोलीस भरतीच्या अकादमीत, अशी आता घरोघरची विभागणी असते. अकादमीत 1600 मीटरची वेळ आणि गोळाफेकीचे अंतर वहीत उतरते. वस्ताद नारळ-फेट्यावर शिकवी, अकादमीवाला महिन्याची फी घेतो. ती भरायला काही घरांत खुराकाची म्हैसच बाजारात जाते.