घरचा कॅमेरा आणि शिकलेली नजर

छायाचित्र चांगले यावे तर आधी भारी कॅमेरा हवा, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. या समजुतीला आपल्या करवीर नगरीने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. मात्र त्यातले निम्मेच आपण अभिमानाने सांगतो; उरलेले निम्मे विसरून जातो.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फाळक्यांनी आपला कॅमेरा विलायतेहून आणला होता. कोल्हापुरातील आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात त्यांचा हातखंडा, म्हणून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणत. त्यांनी कॅमेरा घरीच बनवायचे मनावर घेतले. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते काम १९१८ साली तडीस नेले. पुढे गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्यामुळे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा संसार उभा राहिला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा बोलपट नव्हे, मूकपट लोकांपुढे आला.

हे काम किती नाजूक होते, याचा थोडा हिशेब करून पाहू. फिल्म भिंगापुढे क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडून मिटली पाहिजे, मग फिल्म नेमकी एक चौकट पुढे सरकली पाहिजे. आणि हे सारे सेकंदाला सुमारे सोळा वेळा! चौकटीची रुंदी जेमतेम पंचवीस मिलिमीटर. बारा फुटी पडद्यावर ती सुमारे दीडशे पटीने मोठी होते. म्हणजे यंत्रात केसाएवढी चूक राहिली, तर पडद्यावरचे चित्र बोटभर उडणार.

ही झाली परिचित निम्मी गोष्ट. पण कॅमेरा झाला म्हणून चित्र साधले काय? मुळीच नाही. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तो काळा उमटे. म्हणून रंगांत रमणाऱ्या या चित्रकाराला नजर नव्याने शिकवावी लागली. रंगविलेल्या पडद्यावरील खांबाची सावली एकीकडे आणि उन्हात उभ्या नटाची दुसरीकडे पडली, की सारा देखावा खोटा ठरतो. बाबूरावांनी चित्रित पडद्यांना रजा देऊन भरीव देखावे उभारले. पडदे रंगविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने पडदाच टाकून द्यावा, यातच त्यांची दृष्टी दिसते. पात्रांच्या हालचाली आणि पोशाख ते आधी कागदावर रेखाटीत. फिल्म परदेशातून येई, कागद इथेच मिळे. १९२३ सालच्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. काटकसर यंत्रात केली. प्रकाश आणि पूर्वतयारी यांत मात्र केली नाही.

या शिस्तीचे फळ काय? दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम ही माणसे याच कंपनीत घडली आणि सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी १९२९ साली इथेच ‘प्रभात’ स्थापन केली. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली; हातांतली विद्या त्यांच्याबरोबर गेली. यंत्र झिजते, शिकलेला हात दुसरा हात घडवितो.

आज बाबूरावांना स्वप्नातही न दिसलेले यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. रंकाळ्यावर सायंकाळी शेकडो मोबाईल सूर्याकडे रोखलेले असतात आणि पुढे उभ्या माणसाचा चेहरा काळाठिक्कर उमटतो. उपाय फार खर्चाचा नाही. त्या माणसाला जरा वळवून प्रकाश बाजूने घ्यावा. सावली फार गडद वाटली, तर समोरून पांढरे धोतर किंवा पुठ्ठा धरावा. हात कठड्याला टेकवावा. आणि बटण दाबण्यापूर्वी एकदा, फिल्म महाग आहे असे समजून, थांबावे. नवा मोबाईल घेण्याचा विचार त्यानंतर करावा. बहुधा तो करावा लागणार नाही.