सोन्याची तार आणि शिकाऊ हात

कल्याण सोडून आगगाडी कसाऱ्याकडे निघाली म्हणजे आसनगांव व आटगांव मागें टाकून ती खर्डीच्या ठाण्यावर येते. लोहमार्ग १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत पोंचला आणि १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस गेला. परंतु त्याच्या पूर्वीं कित्येक शतकें हा मुलूख कोंकण आणि देश यांना जोडणाऱ्या वाटांचा मुलूख होता. एक वाट शहापूर-खर्डीवरून थळ घाटानें नाशिकाकडे जाई, दुसरी मुरबाडावरून नाणेघाटानें जुन्नरास. या वाटांवरून माल गेला तशी विद्याहि गेली. आणि त्या विद्यांमध्यें धातूची तार ओढून तिचा अलंकार करण्याची विद्या फार जुनी आहे.

कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर दात्याचें नांव कोरलेलें आहे. तो आहे कल्याणचा सुवर्णकार सामिदत्त. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखांत कांसारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख येतो. म्हणजे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं नाणेघाटाच्या एका बाजूस सोनार दानधर्म करण्याइतका संपन्न होता, आणि दुसऱ्या बाजूस कांसारांचा संघ लोकांनीं पैसा सोंपवावा इतका विश्वासू होता. याहून मागें जावयाचें तर घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत ताम्रपाषाणयुगांतील मुशी आणि तांब्याचा चिमटा मिळाला. मूस व चिमटा हीं आजहि सोनाराचीं पहिलीं हत्यारें आहेत.

प्राचीन काळीं तार आजच्यासारखी ओढीत नसत. सोन्याचा पत्रा ठोकून पातळ करावयाचा, त्याची अरुंद पट्टी कापावयाची, तिला पीळ द्यावयाचा आणि दोन सपाट पृष्ठांमध्यें ती घोळून गोल करावयाची, अशी ती रीत होती. जुन्या दागिन्यांतील तार भिंगाखालीं धरली तर त्या पिळाची नागमोडी रेघ अद्यापि दिसते. पुढें पोलादी पट्टीला लहान लहान होत जाणारीं भोकें पाडून त्यांतून तार खेंचण्याची युक्ति रूढ झाली. आपल्याकडील सोनार या पट्टीला जंतर म्हणतात. जंतराचें गणित सोपें, पण विस्मयकारक आहे. तारेची जाडी निम्मी झाली कीं लांबी चौपट होते. एक ग्रॅम शुद्ध सोन्याची दोन किलोमीटरांहून अधिक लांब तार निघूं शकते. या गुणावरच पैठणीची जर उभी राहिली आणि तारकस नांवाचा स्वतंत्र धंदा निर्माण झाला.

खेड्यांतील सोनाराच्या घरीं मुलगा बापाशेजारीं बसूनच शिके. आरंभीं त्याच्या हातीं सोनें येत नसे. शेगडी पेटती ठेवणें, फुंकणी फुंकणें, भुईवर पडलेला कीस टिपणें हीं त्याचीं कामें. नंतर तांब्या-पितळेची तार. ती सरळ करावयाची, तिचें टोंक वळवून डोळा करावयाचा, कडीला कडी जोडावयाची. येथपर्यंत पुष्कळांची मजल जाते. दहा कड्या केल्या तर दहाहि वेगवेगळ्या दिसतात, आणि शिकाऊ मुलाला वाटतें कीं आपली विद्या झाली. खरी परीक्षा यानंतर सुरू होते.

ती परीक्षा अशी आहे. तार वारंवार वाकविली कीं ती ताठर होते आणि एखाद्या क्षणीं मोडते. नवशिका तें तारेचें खोटेपण समजतो. जाणता कारागीर जाणतो कीं धातूलाहि विसांवा लागतो. तो तार विस्तवावर लाल होऊं देऊन निववितो, तेव्हां ती पुन्हां मऊ होते. हा ताव केव्हां द्यावयाचा, हें पुस्तकांतून सांगतां येत नाहीं. बोटांना जो विरोध जाणवतो त्यावरून तें कळतें. दुसरी गोष्ट ताणाची. जाड तारेवर बारीक तार गुंडाळतांना प्रत्येक वेढा मागील वेढ्यास खेटून बसला पाहिजे. पहिला वेढा आंवळ व दहावा सैल झाला, तर मणी हलतो. नवशिक्या हातांत आणि मध्यम पायरीवरील हातांत अंतर आहे तें अवघड नक्षीचें नाहीं. पन्नासाव्या वेढ्यापर्यंत टिकणाऱ्या सारखेपणाचें आहे.

डाक लावून सांधलेल्या दागिन्यांत आग चूक झांकून घेते. केवळ तारेनें बांधलेल्या कामांत ती सोय नसते. तारेचें टोंक कोठें दडविलें, हें जाणकार तेव्हांच शोधून काढतो. आणि मोत्याला तर आग मुळींच सोसत नाहीं. म्हणून मोत्यांच्या कामांत तारेच्या बांधणीवांचून गत्यंतर नसतें. महाराष्ट्राची नथ हें याचें उत्कृष्ट उदाहरण होय. सोन्याच्या तारेचा आंकडा, आणि त्यावर केंसासारख्या तारेनें गुंफलेले मोती, मध्यें माणिक किंवा पाचू, एवढीच तिची रचना. पण एक वेढा चुकला तर सारा घोंस कलतो. नथ आपल्याला अनादि वाटते. तथापि भांडारकर संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं जुने ग्रंथ धुंडाळून दाखविलें आहे कीं नाकांतील अलंकाराचा उल्लेख प्राचीन वाङ्मयांत आढळत नाहीं. तो मध्ययुगांत येतो. जुन्या शिल्पांतील स्त्रिया कानांगळ्यांत दागिन्यांनीं मढलेल्या असतात, नाक मात्र मोकळें असतें. बाहेरून आलेला अलंकार मराठी हातांनीं इतका आपला केला, याचें श्रेय त्या बारीक तारेला आहे.

ही परंपरा एकदां मोठ्या धोक्यांत आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण भासली, आणि जानेवारी १९६३ मध्यें अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनीं सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले. १४ कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. सोन्याच्या चोरट्या आयातीस आळा घालावा हा हेतु होता. पण घाव बसला तो कारागिरावर. भेसळीचें सोनें कठीण असतें. बावीस कॅरेटच्या मऊ तारेवर घडलेल्या बोटांना तें परकें होतें. देशभर सोनार बेकार झाले, मोर्चे निघाले, कित्येकांनीं आत्महत्या केल्या. १४ कॅरेटची अट पुढें उठली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाहि १९९० सालीं रद्द झाला. परंतु दरम्यान ज्या बापानें मुलाला शेगडीजवळून उठवून दुसऱ्या नोकरीस पाठविलें, त्या घरांतील ताव ओळखण्याची विद्या कोणत्याहि दुरुस्तीनें परत आली नाहीं. कायदा रद्द करतां येतो. तुटलेली शिकवण डाक लावून सांधतां येत नाहीं.

आज यंत्रानें ओढलेली तांब्याची व पितळेची तार बाजारांत सहज मिळते, आणि शहरांतील कित्येक सुशिक्षित तरुणी केवळ आवडीनें मणी व खडे तारेंत बांधावयास शिकतात. त्यांच्या घरीं सोनारकी नसते, शेगडीहि नसते. तरी त्यांचीहि तार मोडते, त्यांचाहि दहावा वेढा सैल पडतो, आणि डोळा वळविण्यापलीकडील पायरीवर त्यांचेंहि पाऊल अडखळतें. पुष्कळजणी येथें नव्या नमुन्याकडे वळतात. उपाय मात्र जुनाच आहे: तोच वेढा, त्याच तारेवर, शंभर वेळां. खर्डी-मुरबाडाच्या वाटांवर विद्या अशीच चालत आली. घाट एका उडींत कोणी चढलें नाहीं, आणि तारहि जंतराच्या मोठ्या भोकांतून एकदम लहानांत कधीं ओढली जात नाहीं. ओढली तर तुटते.