हवामानाच्या फाईलींची किल्ली

हवामानाची आकडेवारी असलेली फाईल संगणकावर उघडावी आणि पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हे उमटावीत, असा अनुभव अनेकांना येतो. फाईल बहुधा ठीक असते. ती वाचण्याची किल्ली मात्र तिच्यात नसते. या प्रथेचे मूळ तारायंत्राच्या काळात आहे.

तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून वेधशाळा आपली निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत पाठवू लागल्या. पुढे रूढ झालेल्या सिनॉप संकेतातला १०२५६ हा गट घेऊ. १ म्हणजे तापमान, ० म्हणजे ते उणे नाही, उरले २५.६ अंश सेल्सिअस. संकेतपुस्तक जवळ असेल त्यालाच हे कळणार.

१९८५ साली जागतिक हवामान संघटनेने संगणकांसाठी 'ग्रिब' हा साचा मान्य केला. आता जाळीच्या हजारो बिंदूंवरचे आकडे धाडायचे होते आणि दूरसंचार वाहिन्या तर संथ. तेव्हा सर्वांत लहान आकडा एकदाच लिहायचा आणि इतरांचा त्याच्याशी असलेला फरक तेवढा नोंदवायचा, असे ठरले. (२५.६, २५.९, २६.१ हे आकडे घेऊन वर्गात करून पाहावे: २५.६ एकदा, मग ०, ३, ५.) युक्ती नामी! पण राशीचे नावही अंकातच राहिले, आणि तक्ते अनेक. ग्रिबच्या पहिल्या आवृत्तीत संघटनेच्या तक्त्यानुसार ३४ म्हणजे वाऱ्याचा दक्षिणोत्तर घटक. युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या तक्त्यात ३४ म्हणजे समुद्रपृष्ठाचे तापमान. फाईलीत तक्त्याचा क्रमांक असतो, तक्ता नसतो. आज्ञावलीने भलताच तक्ता लावला तर फाईल बिनतक्रार उघडते आणि वाऱ्याचे तापमान होऊन बसते. मुळीच न उघडणारी फाईल त्यापेक्षा बरी, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेतील युनिडेटाने १९८० च्या दशकाअखेरीस काढलेल्या 'नेटसीडीएफ' साच्यात राशीचे नाव, एकक, अक्षांश-रेखांश फाईलीतच लिहिण्याची सोय झाली. नासाची 'पॅनोप्ली' ही मोफत आज्ञावली अशा फाईलीवरून थेट नकाशा काढते. ती ग्रिबही वाचते.

भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची दैनिक पावसाची आकडेवारी पाव अंशाच्या जाळीवर दोन्ही तऱ्हांनी मिळते: नेटसीडीएफ, आणि नुसत्या आकड्यांची 'जीआरडी'. या दुसरीला शीर्षकसुद्धा नाही. दिवसाला १३५ × १२९ आकडे, प्रत्येकी ४ बाइट. ३६५ दिवसांचे २,५४,२५,९०० बाइट होतात. फाईलीचा आकार याच्याशी ताडून पाहावा. आत उणे ९९९ दिसले तर तेथे नोंद नाही असे समजावे, आणि सरासरी काढण्याआधी ते आकडे वगळावेत.