राजाचे फर्मान आणि कॉफीगृहे

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ च्या डिसेंबरात फर्मान काढले: १० जानेवारीपासून राज्यातील कॉफीगृहे बंद करावीत. त्याचा रोष पेयावर नव्हता, तेथील बोलण्यावर होता. लंडनमधील पहिले कॉफीगृह पास्क्वा रोझे याने १६५२ साली उघडले होते. पुढे ती वाढली. एक पेनी टाकली की सरदार, व्यापारी, वकील, कारागीर एकाच मेजाभोवती बसत. (स्त्रिया दिसत त्या बहुधा गल्ल्यापाशी.) १६६२ च्या कायद्याने छापखान्यांना लगाम घातला होता आणि 'लंडन गॅझेट' तर सरकारचेच पत्र. तेव्हा हॉलंडशी झालेले युद्ध, दरबारातील कुजबूज, नव्या नाटकाचे गुणदोष यांची वार्ता हस्तलिखित बातमीपत्रांतून येई, मोठ्याने वाचली जाई आणि तिच्यावर वाद रंगे. अफवाही पिकत, फर्मानातील ती तक्रार अगदीच निराधार नव्हती.

परंतु विक्रेत्यांनी अर्ज केले, लोकांत असंतोष पसरला. बंदी अमलात येण्यापूर्वीच, ८ जानेवारीस, राजाने माघार घेतली. निंदाव्यंजक कागद व बोलणे दुकानात येऊ देणार नाही, अशी हमी घेऊन विक्रेत्यांना २४ जूनपर्यंत मुदत मिळाली. ती उलटली, कॉफीगृहे चालूच राहिली आणि बोलणेही.