एका म्यानात दोन तलवारी: हास्केलच्या ‘कबाल नरका’चा इतिहास (धागा)

१/
एकदा ठरलेले मूल्य कधीही पुसायचे नाही, हा ज्या प्रोग्रॅमिंग भाषेचा मूळ नियम, तिच्याच लायब्रऱ्यांची नोंदवही जवळजवळ दहा वर्षे खोडरबराने चालवली जात होती. एक नवी लायब्ररी बसवावी, तर कालपर्यंत बिनतक्रार चालणाऱ्या दोन जुन्या लायब्रऱ्या बंद पडत. या अवस्थेला वापरकर्त्यांनी नावच दिले होते: ‘कबाल नरक’. तो कसा निर्माण झाला आणि कोणत्या विचाराने मिटला, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/
प्रारंभ १९८७ चा. अमेरिकेतील पोर्टलंड येथे फंक्शनल प्रोग्रॅमिंगची परिषद भरली होती. त्या काळी एकमेकींसारख्या अनेक भाषा प्रत्येक विद्यापीठात स्वतंत्रपणे वाढत होत्या. त्यांऐवजी एक सामाईक भाषा असावी, या हेतूने समिती नेमली गेली. १ एप्रिल १९९० रोजी तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांच्या स्मरणार्थ भाषेचे नाव ठेवले गेले ‘हास्केल’.

३/
या भाषेचे तत्त्व समजल्याशिवाय पुढील शोकांतिकेतील विरोधाभास कळणार नाही. हास्केलमध्ये एखाद्या नावाला दिलेले मूल्य मागाहून बदलत नाही. नवे मूल्य हवे असेल तर ते नव्याने घडवायचे, जुने जागच्या जागी राहते. त्यामुळे ज्याच्या हाती जुने मूल्य आहे, त्याच्या पायाखालची जमीन सरकत नाही. तेच फंक्शन, तीच सामग्री, तेच उत्तर, अशी हमी त्यातून मिळते. ही हमी हेच या भाषेचे वैभव.

४/
मात्र भाषा झाली म्हणजे व्यवहार झाला असे नव्हे. इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या आपल्या यंत्रावर आणायच्या कशा? प्रारंभी प्रत्येक लेखकाची रीत निराळी होती. २००३ च्या सुमारास आयझॅक जोन्स आणि सहकाऱ्यांनी सर्वांना एकच पद्धत लावण्याचा प्रस्ताव मांडला. तिचे नाव ‘कबाल’. पुढे २००७ मध्ये ‘हॅकेज’ हे सार्वजनिक भांडार उघडले आणि तेथून पॅकेज उतरवून बसवणारे ‘कबाल-इन्स्टॉल’ हे साधनही आले.

५/
भांडार भरभर वाढले. त्याच वर्षी जीएचसी या प्रमुख कंपायलरने आपल्या मूळ लायब्ररीचे लहान लहान तुकडे केले. सुटसुटीतपणा आला, पण अवलंबनाची साखळी लांबली. पूर्वी एक पॅकेज दोघांवर विसंबून असे, आता ते वीस-पंचवीस पॅकेजांवर विसंबू लागले. त्यातील प्रत्येकाच्या आवृत्त्या निराळ्या आणि प्रत्येकाच्या अटीही निराळ्या.

६/
आता त्या नोंदवहीकडे वळू. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद जीएचसीच्या कोठारात होई. नियम साधा होता: एक नाव, एक आवृत्ती, एक नोंद. एकाच लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकत. पण त्याच आवृत्तीच्या दोन वेगळ्या बांधण्या? एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? दुसरी आली की पहिली बाहेर फेकली जाई.

७/
उदाहरण घेऊ. ‘पार्सेक’ ही मजकुराचे पृथक्करण करणारी लायब्ररी ‘एमटीएल’वर अवलंबून होती, आणि ‘एचटीटीपी’ ही लायब्ररी पार्सेकवर. समजा, तुम्ही एखादे नवे पॅकेज मागवले आणि त्याला एमटीएलची नवी आवृत्ती हवी होती. कबाल ती आणे, आणि तिच्याशी जुळावी म्हणून पार्सेकची तीच आवृत्ती पुन्हा बांधून जुन्या पार्सेकच्या जागी ठेवे. जुन्या पार्सेकवर उभी असलेली एचटीटीपी त्या क्षणी निराधार होई. तुम्ही तिला हातही लावलेला नसे.

८/
येथे शंका येईल: आवृत्ती तीच, मूळ मजकूर तोच, मग बिघडले काय? उत्तर जीएचसीच्या हुशारीत आहे. वेग साधण्यासाठी हा कंपायलर एका लायब्ररीतील फंक्शनचा आतला भाग उचलून दुसऱ्या लायब्ररीच्या कोडमध्ये थेट उतरवतो. म्हणून बांधलेली एचटीटीपी पार्सेकच्या नावावर विसंबून नसते. ती एका विशिष्ट बांधणीच्या अंतरंगावर विसंबून असते. नाव जुळले तरी अंतरंग जुळेलच असे नाही.

९/
२००९ अखेरीस आलेल्या जीएचसी ६.१२ ने निदान रोगनिदान तरी नेमके केले. प्रत्येक बांधणीला तिच्या अंतरंगावरून काढलेली एक खूण, म्हणजे ‘हॅश’, जोडली जाऊ लागली. त्यामुळे अमुक पॅकेज मोडले आहे, हे यंत्र स्पष्टपणे सांगू लागले. पण दोन बांधण्या वेगळ्या आहेत हे ओळखूनही नोंदवही दोघींना जागा देईना. रोग कळला होता, औषध नव्हते.

१०/
मग लोकांनी काय केले? जे सर्वत्र होते तेच. बळजबरीने पुनर्बांधणी करण्याचा एक पर्याय कबालमध्ये होता. तो वापरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे. अखेरचा उपाय म्हणून कोठाराची अख्खी फाइलघडीच पुसून टाकायची आणि पहिल्यापासून सगळे बसवायचे. भाषा शिकू पाहणारा नवखा विद्यार्थी पहिल्याच दिवशी या दलदलीत रुते. आपल्याकडूनच काही चुकले, अशी त्याची समजूत होई, आणि चूक तर त्याची मुळीच नसे.

११/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. ‘कबाल नरक’ या एकाच नावाखाली तीन वेगळे आजार होते. एक, पुनर्बांधणीमुळे जुने मोडणे. दोन, सर्वांच्या अटी एकत्र पाळणारी आवृत्त्यांची निवडच न सापडणे. तीन, सी भाषेतील एखादी बाह्य लायब्ररी यंत्रावर नसणे. लक्षण एकच, ‘इन्स्टॉल होत नाही’, कारणे तीन. नाव एक असल्यामुळे एकाचे औषध दुसऱ्यावर चोळले जाई, आणि वादही लांबत जाई.

१२/
पहिला संघटित उपाय २००९ चा: ‘हास्केल प्लॅटफॉर्म’. एकमेकांशी जुळतात हे तपासलेल्या निवडक लायब्रऱ्या कंपायलरसोबत एकाच संचात देण्याची ही योजना. प्रारंभ सुखाचा झाला. पण संचाबाहेरच्या एखाद्या पॅकेजने आतल्या लायब्ररीची नवी आवृत्ती मागितली की पुन्हा तोच खेळ सुरू होई. कोट मजबूत होता, पण रोजचा व्यवहार कोटाबाहेर चाले.

१३/
दुसऱ्या आजारावर दोन बाजूंनी काम झाले. एक बाजू शिस्तीची. आवृत्तीच्या क्रमांकातील पहिले दोन आकडे बदलले तर जुना वापर मोडू शकतो, असा संकेत ठरला. त्यानुसार प्रत्येक लेखकाने अवलंबनाची वरची मर्यादा लिहावी, अशी अपेक्षा होती. मर्यादा कडक ठेवली तर निवड सापडत नाही, सैल ठेवली तर बांधणी फसते. यावरचे वाद वर्षानुवर्षे चालले.

१४/
दुसरी बाजू गणिताची. सर्व अटी पाळणाऱ्या आवृत्त्या निवडणे हे संगणकशास्त्रातील अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडते. २०१२ मधील कबाल-इन्स्टॉल ०.१४ मध्ये आंद्रेस लोह यांनी लिहिलेला नवा शोधक आला. एक वाट बंद झाली की मागे फिरून दुसरी चोखाळण्याची पद्धत त्याने चोख केली. निवड सुधारली. पण निवडलेले ठेवायचे कोठे? कोठार तेच, म्यान तेच.

१५/
२०१३ मध्ये कबाल १.१८ ने ‘सँडबॉक्स’ आणला: प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचे वेगळे कोठार. पायथनची ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ वापरणाऱ्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. भांडण मिटले, कारण भावांची घरेच वेगळी झाली. किंमत मात्र मोठी होती. प्रत्येक घरात तीच चूल, तीच भांडी. दहा प्रकल्प असतील तर त्याच लायब्रऱ्या दहा वेळा कंपाइल करायच्या, आणि मोठ्या प्रकल्पात हे काम लांबच लांब चाले.

१६/
याच सुमारास दुसरा प्रवाह आला. मायकेल स्नॉयमन यांनी २०१२ मध्ये ‘स्टॅकेज’ मांडले: शेकडो पॅकेजांच्या अशा आवृत्त्यांची यादी, की ज्या एकत्र बांधून पाहिलेल्या आहेत. २०१५ मध्ये तिच्या आधारे ‘स्टॅक’ हे साधन निघाले. यादी ठरलेली, म्हणून शोधाशोधीची गरजच उरली नाही. योग्य कंपायलरही ते स्वतः आणून देई. नवख्यांना हायसे वाटले.

१७/
पण समाजात तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे, की जुळणीची जबाबदारी एका यादीने घ्यावी, वापरकर्त्याला निश्चिंत करावे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की प्रत्येक लेखकाने आपल्या अटी प्रामाणिकपणे लिहाव्यात आणि शोधकाने त्यांतून वाट काढावी, एका यादीच्या हाती सूत्रे नकोत. वरवर हा साधनांचा वाद होता. खाली प्रश्न जुना होता: सुसंवाद कोणी राखायचा, मध्यवर्ती सत्तेने की परस्परांच्या करारांनी?

१८/
मूळ उत्तर दरम्यान नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे तयार होते. तेथे एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये ‘निक्स’ या प्रणालीवर प्रबंध लिहिला. विचार असा: लायब्ररीची ओळख नाव आणि आवृत्तीने पुरी होत नाही. मूळ मजकूर, कंपायलर, पर्याय, सर्व अवलंबने, या साऱ्यांचा मिळून एक हॅश काढायचा, आणि त्या नावाने वेगळ्या जागी ठेवायचे. जुन्यावर नवे कधीच लिहायचे नाही. हे तर हास्केलचेच तत्त्व, मूल्यांऐवजी फाइलींना लावलेले!

१९/
दुवा योगायोगाचा नव्हता. २००८ मध्ये निक्सवर उभारलेल्या निक्सओएसविषयीचा निबंध डोल्स्ट्रा यांच्यासह लिहिणारे आंद्रेस लोह हेच पुढे कबालच्या शोधकाचे कर्ते झाले. म्हणजे औषध घरच्याच ओळखीतले होते. तरीही ते कबालमध्ये उतरायला वर्षे लागली, कारण आधी नोंदवहीचा नियम बदलणे भाग होते. तो २०१५ च्या जीएचसी ७.१० मध्ये बदलला. एकाच आवृत्तीच्या अनेक बांधण्या आता शेजारी शेजारी राहू शकल्या.

२०/
त्यानंतर वाट मोकळी झाली. २०१६ मध्ये कबाल १.२४ सोबत एडवर्ड यांग यांनी नव्या पद्धतीची घोषणा केली: निक्सच्या धर्तीवरची बांधणी. प्रत्येक बांधणी आपल्या हॅशच्या नावाने एका सामाईक कोठारात जाते. दोन प्रकल्पांना नेमकी तीच बांधणी हवी असेल तर दोघांनी वापरावी, वेगळी हवी असेल तर वेगळी घडवावी. सँडबॉक्सची अलिप्तता राहिली, त्याचा अपव्यय गेला. ऑगस्ट २०१९ मधील कबाल ३.० पासून हीच मूळ पद्धत झाली.

२१/
मग नरक संपला का? पहिला आजार संपला. दुसरा उरला आहे, कारण एका प्रोग्रॅमच्या बांधणीत साधारणपणे एका लायब्ररीची एकच आवृत्ती चालते. जावास्क्रिप्टचे एनपीएम प्रत्येक पॅकेजला स्वतःची प्रत देऊ शकते. हास्केलमध्ये दोन आवृत्त्यांतील एकाच नावाचे प्रकार कंपायलर वेगळे मानतो, आणि एकाचे मूल्य दुसरीकडे देऊ देत नाही. तिसरा आजारही आहेच.

२२/
म्हणून आज कोणी अडले, तर उपायाआधी निदान करावे. निवडच सापडत नसेल तर संदेशातील कोणत्या दोन अटी भिडतात ते पाहावे, आणि त्यातील मर्यादा विचारपूर्वक सैल करावी. ‘झेडलिब’सारखी बाह्य लायब्ररी नसेल तर ती आपल्या कार्यप्रणालीकडून बसवावी, तिथे कबालचा दोष नाही. निवड एकदा जुळली की ती ‘फ्रीझ’ आज्ञेने गोठवून प्रकल्पासोबत ठेवावी. आणि कोठार पुसण्याची जुनी सवय सोडावी. तो उपाय ज्या आजारावर होता, तो आता उरलेला नाही.

२३/
या इतिहासाचे सार काय? हास्केलच्या कर्त्यांना योग्य तत्त्व १९९० पासून ठाऊक होते. ते त्यांनी प्रोग्रॅमच्या आत काटेकोर पाळले. पण प्रोग्रॅम जिथे ठेवायचा त्या कोठाराला ते लागू आहे, हे ध्यानी येऊन अंमलात येईपर्यंत अडीच दशके गेली. मधल्या काळात शिस्त, गणित, याद्या, स्वतंत्र घरे असे सारे उपाय झाले. त्यांतील प्रत्येकाने काही ना काही दिले, पण नोंदवहीचा नियम बदलेपर्यंत मूळ दुखणे गेले नाही.

२४/
दिव्याखाली अंधार असतो, असे आपण म्हणतो. एखादी व्यवस्था वारंवार कोलमडत असेल आणि दोष दर वेळी वापरणाऱ्याच्या माथी येत असेल, तर त्या व्यवस्थेची नोंदवही उघडून पाहावी. कोणत्या दोन वेगळ्या गोष्टींना तिने एकच नाव दिले आहे? हास्केलच्या बाबतीत हा प्रश्न नेमकेपणाने विचारला गेला, आणि तलवारी त्याच राहून म्याने दोन झाली.

धागा समाप्त.