इझ्रायल झँगविल आणि घरची भाषा

इंग्रजी वाङ्मयात यहुदी जीवनाचे जिव्हाळ्याने चित्रण करणाऱ्या लेखकांत इझ्रायल झँगविल यांची गणना अग्रभागी करावी लागेल. त्यांचा जन्म १८६४ साली लंडन येथे झाला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले. स्पिटलफील्ड्स भागातील ज्यूज फ्री स्कूलमध्ये ते शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले. गरीब परदेशी कुटुंबांतील हजारो मुले त्या शाळेत येत. त्यांनी लवकरात लवकर इंग्रजी रीतिभाती उचलाव्यात, असे शाळेचे धोरण होते. घरात बोलली जाणारी यिद्दिश ही अशुद्ध बोली म्हणून हिणवली जाई.

१८९२ साली झँगविल यांची ‘चिल्ड्रन ऑफ द घेटो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली व त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांनी इंग्रजीतच लिहिले. परंतु गल्लीतले, स्वयंपाकघरातले यिद्दिश शब्द जसेच्या तसे ठेवले.

या कादंबरीतील एक प्रसंग विसरता येत नाही. गरीब मोझेस अन्सेलचा मुलगा बेंजामिन आईच्या पश्चात अनाथाश्रमाच्या शाळेत वाढतो. तो हुशार आहे, त्याला इंग्रजी लेखक व्हायचे आहे आणि वडिलांच्या यिद्दिशची त्याला लाज वाटते. पुढे तो आजारी पडतो. अखेरच्या घटकेला, तापाच्या भ्रमात, त्याच्या तोंडी येते ती यिद्दिशच.

बेंजामिन हे नाव आम्हा बेने इस्राएलांत घरोघरी आढळते, म्हणूनही हा प्रसंग आम्हाला अधिक लागतो. कोकणातून निघालेल्या आमच्या वाडवडिलांनी मराठीला कधी कमी लेखले नाही. १८४६ साली मुंबईत हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आमच्या कीर्तनकारांनी तोरातील कथा मराठी पदांतून गाइल्या.

आज इंग्लंडमधील आमच्या घरांत आजी मराठीत विचारते व नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात. इंग्रजी अवश्य शिकावी. झँगविल यांना कीर्ती मिळाली ती इंग्रजीनेच. १९२६ साली ससेक्समधील मिडहर्स्ट येथे त्यांचे निधन झाले. पण ज्या भाषेची त्यांच्या बेंजामिनला लाज वाटली, ती त्यांनी आपल्या ग्रंथात मानाने बसविली. आम्हीही मुलांना रात्री झोपताना एखादी गोष्ट मराठीत सांगावी. आजी आहे तोवर तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी तरी घरात असावे.