गाळावर वसलेलें पक्षितीर्थ

नाशिकला पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावयाचें हें ठरलेलेंच असतें : रामकुंड, काळाराम, सीतागुंफा आणि तिच्याजवळचे ते जुने वड. पांच वडांवरून जिला पंचवटी हें नांव पडलें, त्या भूमीच्या रहिवाशांना वृक्षदर्शनाचें अप्रूप नाहीं. परंतु घरांतील मुलें ‘आम्हांला पशुपक्षी दाखवा’ असा हट्ट धरूं लागलीं, म्हणजे मात्र नाशिककर गृहस्थाला मुंबईची आठवण होते. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली; तेव्हांपासून पशुपक्षी पाहावयाचे ते तेथेंच, अशी आपली समजूत. पण चारपांच माणसांच्या कुटुंबाला तेवढा प्रवास आणि मुक्काम नेहमींच परवडतो असें नाहीं. म्हणून, घरची भाकरी बांधून घेऊन एका दिवसांत पाहून येतां येईल, अशा एका स्थळाचा इतिहास आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

तें स्थळ म्हणजे निफाड तालुक्यांतील नांदूर-मध्यमेश्वर. नाशिकहून अंतर सुमारें ४० किलोमीटर. निफाडपर्यंत आगगाडी किंवा एस. टी., आणि पुढें थोडीशी वाट. रामकुंडावरून वाहत गेलेल्या गोदावरीला येथें कादवा येऊन मिळते. रामानें सुवर्णमृगाचा वध केला तो याच परिसरांत, अशी लोकांची श्रद्धा असून मृगव्याधेश्वराचें देऊळ तिची साक्ष म्हणून दाखवितात. परंतु आज येथें जे पक्षी दिसतात, त्यांचा इतिहास पुराणांतला नव्हे. तो दुष्काळांतला आहे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळली. पुढें १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. मग १९०१ सालीं सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या चौकशीसाठीं आयोग नेमला, आणि पुढील दीड दशकांत गोदावरीच्या खोऱ्यांत मोठीं कामें उभीं राहिलीं. योजना सरळ होती. इगतपुरीकडे कोसळणारा पाऊस दारणा नदीवरच्या धरणांत सांठवावयाचा. गरजेप्रमाणें तो नदींतून खालीं सोडावयाचा. आणि नांदूरला दगडी बंधाऱ्यानें अडवून दोन्ही तीरांच्या कालव्यांत वळवावयाचा. कोपरगांवकडच्या कोरड्या शिवारांत ऊस डोलूं लागला, तो या पाण्यावर. ही आखणी करणाऱ्यांच्या मनांत बदक किंवा बगळा असण्याचें कांहींच कारण नव्हतें.

पण नदी केवळ पाणी आणीत नाहीं. ती मातीही आणते. बंधाऱ्यापाशीं प्रवाह मंदावला कीं ती तळाशीं बसते. वर्षानुवर्षें असें होतां होतां जलाशय उथळ झाला. त्यांत बेटें उठलीं, कडेला दलदल झाली, पाणकणीस माजलें. उथळ पाण्यांत तळापर्यंत ऊन पोंचतें, त्यामुळें पाणवनस्पति वाढतात. त्यांच्या आश्रयानें शंखशिंपले, किडे आणि मासे वाढतात. शेपटी वर करून मान बुडविणाऱ्या बदकाला मानेच्या लांबीइतकेंच खोल पाणी उपयोगी. करकोच्याला पायांच्या उंचीइतकें. अभियंत्याच्या वहींत जी तूट मांडली गेली, ती पक्ष्यांच्या वहींत जमा झाली !

हिवाळ्यांत येथें जो मेळा भरतो, तो मुलांनीं एकदां तरी पाहावा. संस्कृत कवींनीं ज्याच्या विरहाचीं वर्णनें केलीं तो चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतो; पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. चमच्यासारख्या चोंचीचा ‘चमचा’, पानांवरून चालणारा कमळपक्षी, चित्रबलाक, आणि काळ्या देहावर पांढरा टिळा मिरविणारा ‘वारकरी’ — नांवें मराठी, सोपीं आणि मुलांच्या चटकन् ध्यानांत राहणारीं. सलीम अली यांनीं या स्थळाला महाराष्ट्राचें भरतपूर म्हटलें, असें सांगतात. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. २०२० च्या जानेवारींत रामसर यादींत त्याचें नांव जाहीर झालें. महाराष्ट्रांतील हें पहिलेंच स्थळ. या रामसरचा आपल्या रामाशीं संबंध नाहीं. इराणांतील ज्या गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांविषयीं करार झाला, त्याचें तें नांव.

ही सहल आपणांस स्वस्त पडते. पण तिची किंमत कोणी तरी दिलेलीच आहे. ज्या गाळावर बदकें पोसतात, त्याच गाळामुळें पुराचें पाणी मागें चढतें, असें वरच्या अंगाच्या गांवांचें म्हणणें आहे. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सायखेडा व चांदोरी येथें घरांत पाणी शिरलें. ‘गाळ काढा’ ही त्यांची मागणी हट्टाची म्हणतां येणार नाहीं. आणि सगळा गाळ काढला तर पक्षी राहणार नाहींत, हेंही खरें. हा तंटा एका वाक्यांत सुटणारा नव्हे. निदान सहलीला जाणाऱ्यानें तो ठाऊक करून घ्यावा.

दुसरी गोष्ट आपल्या घराशींच निगडित आहे. नाशिक वरच्या अंगाला, नांदूर खालच्या. शहराचें सांडपाणी नदींत जसेंच्या तसें गेलें, कीं तें याच जलाशयाकडे जातें, आणि त्यावर जलपर्णी फोफावते. पिंजऱ्यांतील वाघाची चिंता रखवालदार करतो. येथील पाहुण्यांचें क्षेम मात्र आपल्या मोरीपासून सुरू होतें.

तेव्हां डिसेंबर-जानेवारींतील एखाद्या रविवारीं, दिवस उजाडतांना, चापडगांवच्या मनोऱ्यावर मुलांना घेऊन जा. भडक कपडे नकोत, गलका नको. चौघांत एक दुर्बीण पुरे. परततांना मुलांना इतकेंच सांगा, कीं सकाळीं आपण रामकुंडावर जें पाणी पाहतों, तेंच वाहत जाऊन येथें पाखरांच्या पायांशीं येतें.